टिकटिक थांबेना, आणि गेज म्हणतंय सगळं बरोबर

जुन्या गाडीचं इंजिन टिकटिक करायला लागलं की दोन सल्ले फुकट मिळतात. "जाडं ऑइल टाक" आणि "जुनी गाडी आहे, चालायचंच". परवा एक व्हिडिओ बघितला, त्यात तर गड्याने ऑइलमध्ये कसलीशी बाटली ओतली आणि दहा मिनिटांत आवाज गायब! टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हला (इंजिनात हवा-पेट्रोल घेणारी आणि जळका गॅस सोडणारी झडप) ढकलणारा भाग. ते हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारे असतील आणि त्यातला एखादा प्लंजर (आतला सरकता दट्ट्या) घाणीने अडकला असेल तर असं होऊ शकतं, नाही म्हणत नाही. पण बऱ्याच क्लासिक गाड्यांमध्ये साधे, स्क्रूने अ‍ॅडजस्ट करायचे टॅपेट असतात. तिथे झिजलेलं लोखंड कुठल्या बाटलीने परत उगवणार?

मुळात तिथे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर (कॅम नावाचा उंचवटे असलेला फिरता दांडा ज्याला हलवतो ती छोटी तरफ) यांच्यात, गॅप कशासाठी ठेवतात, ते आधी. तापलं की लोखंड वाढतं, एक मीटरच्या दांड्याला दर अंशामागे साधारण 12 मायक्रॉन. व्हॉल्व्ह समजा 10 सेंटीमीटरचा आणि सरासरी 300 अंशांनी तापला, तर तो 0.36 मिलिमीटर लांब होणार. ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) आणि हेडही (त्यावरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) थोडे वाढतात म्हणून एवढा सगळा फरक पडत नाही, पण गॅपच ठेवली नाही तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसणार नाही, फटीतून जळता गॅस जात राहणार आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळका गॅस बाहेर सोडणारा, जळणार. म्हणून कंपनीच सांगते, समजा 0.30 मिलिमीटर ठेवा. थोडी टिकटिक करणारा टॅपेट परवडला, एकदम गप्प बसलेल्याची मला जास्त भीती वाटते.

आता माझा लाडका भाग. गॅप आहे म्हणजे दर वेळी रॉकर व्हॉल्व्हवर आपटणारच ना? मग चांगलं इंजिन शांत कसं? उत्तर कॅमच्या आकारात आहे. कॅमचा लोब (उंचवटा) नुसता अंड्यासारखा दिसतो, पण गोल भाग संपून खरा चढ सुरू व्हायच्या आधी त्यावर एक अगदी मंद चढ घासलेला असतो, त्याला रॅम्प म्हणतात. त्याचं काम एकच, गॅप हळूच मिटवणं. म्हणजे दार धाडकन न लोटता आधी बोटाने टेकवायचं आणि मग जोर लावायचा. व्हॉल्व्ह मिटताना दुसऱ्या बाजूलाही तसाच रॅम्प, तो व्हॉल्व्हला सीटवर अलगद उतरवतो. पण रॅम्पची उंची ठरलेली असते. गॅप त्याहून मोठी झाली की रॅम्प संपला तरी धातू धातूला टेकलेलाच नसतो, आणि मग टक्कर होते ती थेट चढावर, जिथे वेग कितीतरी जास्त. आणि टकरीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे गॅप थोडीशीच वाढली तरी आवाज एकदम अंगावर येतो.

बरं, पण टिकटिक टॅपेटचीच हे कशावरून? कॅम क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो. 800 आरपीएमला (क्रँकच्या मिनिटाला 800 फेऱ्या) एक व्हॉल्व्ह मिनिटाला 400 वेळा उघडतो, म्हणजे दर 0.15 सेकंदाला एक टिक. फोनवर आवाज रेकॉर्ड करून शिखरांमधलं अंतर मोजा, 0.075 आलं तर संशय क्रँकबरोबर फिरणाऱ्या वस्तूंवर, 0.15 आलं तर... इथे लोक उडी मारतात की झालं, टॅपेटच! नाही हो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (सिलेंडरांमधला जळका गॅस गोळा करणारा पाइप) गॅस्केट एका सिलेंडरपाशी फुटलं असेल, प्लगची वायर स्पार्क गळत असेल, कॅमवर चालणारा पेट्रोलपंप असेल, सगळे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच बोलतात. म्हणून दुसरी चाचणी. एकेका प्लगची वायर काढून अर्थ करायची, म्हणजे इंजिनाच्या धातूला टेकवायची (इंजिन बंद करून, नाहीतर झटका बसेल) आणि मग इंजिन चालू करून ऐकायचं. त्या सिलेंडरमधलं जळणं थांबल्यावर आवाज बदलला तर बेअरिंग, पिस्टन, गॅस्केट किंवा वायर. नाहीच बदलला तर टॅपेट नाहीतर पंप. लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून जागा शोधायची जुनी युक्ती चांगली आहे, पण आवाज लोखंडातून हवेच्या पंधराएक पट वेगाने पळतो आणि अख्खा ब्लॉक वाजवतो, त्यामुळे ती कधीकधी भलतीकडेच नेते.

मित्राच्या चार सिलेंडरच्या जुन्या गाडीत आम्ही या सगळ्यातून गेलो. 0.15 सेकंद, वायर काढून फरक शून्य. मग व्हॉल्व्ह कव्हर काढलं, फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ धातूच्या पात्या) आठही गॅप तपासल्या, सगळ्या 0.30, पाती घासत जात होती, अगदी जशी जायला हवी तशी. मिस्त्री म्हणाला टॅपेट ओके. एक नाही, तीन वेळा सेट केल्या आणि टिकटिक तशीच.

मग इंजिन चालू ठेवून (ऑइल उडतं, जुने कपडे घाला) एकेका रॉकरखाली पातळशी पाती सरकवली. तिसऱ्या सिलेंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या रॉकरखाली गेली आणि आवाज निम्म्यावर आला. म्हणजे गॅप तिथेच जास्त होती, पण गेज तर बरोबर म्हणत होतं! रॉकर काढून उलटा केला तेव्हा दिसलं. व्हॉल्व्हच्या दांड्याने रॉकरच्या टोकाला इतकी वर्षं एकाच जागी ठोकून एक छोटा खड्डा पाडला होता, नखाला कड लागत होती. दांडा खड्ड्याच्या आत जायचा. गेजची सपाट, रुंद पाती मात्र खड्ड्याच्या काठांवर पूल टाकल्यासारखी बसायची, आणि त्या पुलाखालचं अंतर मोजायलाच कोणी नव्हतं. पाती 0.30 सांगत होती, खरी गॅप म्हणजे 0.30 अधिक खड्ड्याची खोली. अशा ठिकाणी डायल गेज लागतं, ते रॉकर प्रत्यक्ष किती हलतो तेच मोजतं.

रॉकर बदलला, परत 0.30 ठेवली, आणि टिकटिक गेली. दोन मिनिटं आम्ही नुसते उभे राहून ऐकत होतो, तेवढ्यात मित्र म्हणाला, थांब, अजून काहीतरी वाजतंय. वाजत होतंच, पण बारीक, खालच्या बाजूला, कान देऊनच कळेल असं. पेट्रोलपंप होता. तो बहुतेक पहिल्यापासूनच वाजत असणार.