मोजायचं कोणत्या दिवसापासून?

फरशीवर पहिला लालसर थेंब दिसला की घरात दिवस मोजायला सुरुवात होते. कुत्री हीटवर आली. दहाव्या दिवसापर्यंत काळजी नाही, दहा ते चौदा जपायचं, रक्त थांबलं की सुटलो. हा हिशेब कित्येकांना तोंडपाठ असतो. नको असलेली पिल्लं पदरात पडतात तीही बऱ्याचदा याच हिशेबामुळे.

मुळात ते रक्त म्हणजे पाळी नव्हे. बाईच्या पाळीत गर्भ राहिला नाही म्हणून गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं. तो एका चक्राचा शेवट असतो. कुत्रीचं याच्या नेमकं उलट आहे. बीजांडं सुटण्याआधी इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) वाढत जातं, तेव्हा गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त झिरपतं. ही तयारीची खूण. योनीद्वार सुजतं, ती सारखी चाटत बसते, नर मागे लागतात, पण ती कुणाला जवळ येऊ देत नाही. हा टप्पा सरासरी ९ दिवसांचा. पण कुणात ३ दिवसांत आटपतो, कुणात १७ दिवस चालतो. मग स्राव फिकट होतो, ती शेपूट बाजूला करून उभी राहते आणि खरा माज सुरू होतो. म्हणजे ‘रक्त थांबलं’ असं वाटतं तेव्हाच दाराला कडी हवी. काहींचं रक्त तर माजाच्या शेवटपर्यंत लाल राहतं, आणि काही कुत्र्या इतक्या स्वच्छ असतात की पहिला थेंब कधी पडला ते घरच्यांना कळतही नाही. मोजणीचा पहिला दिवसच असा डळमळीत असेल तर दहावा आणि चौदावा तरी कुठून पक्का येणार?

आता मला सगळ्यांत विलक्षण वाटणारा भाग. बहुतेक सस्तन प्राण्यांत प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बीजांड सुटल्यानंतर वाढतं. कुत्रीत ते आधीच वाढू लागतं. इस्ट्रोजेन उतरतंय आणि प्रोजेस्टेरॉन चढतंय, या अदलाबदलीतच ती नराला स्वीकारायला तयार होते. पशुवैद्य दर दोन-तीन दिवसांनी रक्त तपासायला बोलावतात ते याचसाठी. दर मिलिलिटरमागे १ नॅनोग्रॅमच्या खाली असलेलं प्रोजेस्टेरॉन २ च्या आसपास गेलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून एलएच या संप्रेरकाचा इशारा सुटलेला असतो. साधारण दोन दिवसांनी, आकडा ५ च्या पुढे जाताना, बीजांडं सुटतात.

सुटतात, पण कच्ची! फलनासाठी तयार व्हायला त्यांना आणखी दोन-तीन दिवस लागतात, आणि त्यानंतर ती दोन-तीन दिवसच टिकतात. नराचे शुक्रजंतू मात्र तिच्या शरीरात पाच-सात दिवस जिवंत राहू शकतात. त्यामुळे मेटिंग एका दिवशी आणि गर्भधारणा जवळपास आठवड्याने, असं सहज घडतं. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात तेही यामुळेच. एकदा मेटिंग झालं, आता मोकळं सोडायला हरकत नाही, असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

बाळंतपणाची तारीखही इथेच अडकते. मेटिंगपासून मोजलं तर पिल्लं ५७ ते ७२ दिवसांत कधीही येऊ शकतात, म्हणजे पंधरा दिवसांचा गोंधळ. बीजांडं सुटल्याच्या दिवसापासून मोजलं तर ६३ दिवस, एखादा दिवस इकडेतिकडे. गर्भारपण तितकंच असतं, आपण मोजायला सुरुवात चुकीच्या दिवसापासून करतो. योनीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तपासणी स्वस्त आहे आणि माज चालू आहे का हे ती छान सांगते. पण बीजांडं नेमकी कधी सुटली ते त्या पेशी त्या दिवशी सांगत नाहीत. साधारण सहा दिवसांनी त्या एकदम पालटतात, तेव्हा मागे वळून हिशेब लावता येतो.

पुढची हीट कधी येईल, याला एकच चांगला आधार आहे: तिच्या स्वतःच्या मागच्या तारखा. दोन हीटमधलं अंतर सरासरी सात महिने, पण ५ पासून १२ पर्यंत काहीही नॉर्मल. बसेंजी जातीची कुत्री लांडग्यांसारखी वर्षातून एकदाच माजावर येते. पहिली हीट लहान जातींत सहाव्या महिन्यातही दिसते, मोठ्या जातींत दीड-दोन वर्षंही लागतात. सुरुवातीच्या एक-दोन फेऱ्या अनियमित असतात. कधी लक्षणं येऊन विरतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा नीट हीट येते. तीन-चार फेऱ्यांच्या तारखा लिहिल्या की तिची स्वतःची लय दिसू लागते. अंतर सतत चार महिन्यांहून कमी असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण गर्भाशयाचं अस्तर पूर्ववत व्हायलाच तेवढा काळ लागतो.

हीट संपल्यावर आपण निर्धास्त होतो, ते मात्र होऊ नये. गर्भ राहो वा न राहो, प्रोजेस्टेरॉन जवळपास दोन महिने चढंच असतं. म्हणून त्याच्या आकड्यावरून ती गाभण आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी २५ दिवसांनंतर सोनोग्राफी करावी लागते. हे संप्रेरक उतरू लागलं की न राहिलेल्या पिल्लांसाठीसुद्धा ती अंथरूण उकरते, तिला दूध येतं. हे बहुधा आपोआप ओसरतं. पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू होणं, ओसरत नाही. तो सहसा हीटनंतरच्या दोन महिन्यांत डोकं वर काढतो, वयस्क कुत्र्यांत जास्त. आणि कुत्रीची हीट म्हातारपणीही कायमची बंद होत नाही, नुसती लांबत जाते. नसबंदी न केलेली कुत्री त्या दोन महिन्यांत मलूल झाली, खाणं सोडून पाणी खूप पिऊ लागली, तर स्राव दिसो वा न दिसो, सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा, आणि हीट कधी सुरू झाली होती ती तारीख सोबत न्या.