भूक, तृप्ती व शरीराचे वजन

शरीराला अन्नाची गरज असल्याची जाणीव म्हणजे भूक आणि पुरेसे खाल्ल्यावर खाणे थांबवणारी जाणीव म्हणजे तृप्ती. या दोन्हींच्या मागे एक संथ यंत्रणा काम करते. अंगावरच्या चरबीचा साठा किती आहे याची खबर ती मेंदूपर्यंत पोहोचवते आणि वजन फार हलू देत नाही. दिवसाला २,००० किलोकॅलरी खाणारी व्यक्ती वर्षाला सात लाखांहून अधिक किलोकॅलरी पोटात घालते. एक किलो मेदात साधारण ७,७०० किलोकॅलरी साठतात. म्हणजे वर्षाकाठी वजन किलोभर वाढले, तरी जमाखर्चातली चूक जेमतेम एक टक्क्याची. इतका काटेकोर हिशेब ताटातले घास मोजून कोणालाच ठेवता येत नाही, मग तो ठेवतो कोण?

‘भूक लागली’ म्हणताना हात पोटाकडे जातो. संशोधनाची सुरुवातही तिथूनच झाली. १९१२ मध्ये अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांचे सहकारी वॉशबर्न यांनी रबरी फुगा गिळला आणि पोटाचे आकुंचन व भुकेच्या कळा एकाच वेळी येतात हे दाखवले. पोटात कावळे ओरडतात ते असे. पण शस्त्रक्रियेने जठर काढून टाकलेल्यांनाही भूक लागते, तेव्हा मूळ आणखी वर शोधावे लागले. १९४० मध्ये हेदरिंग्टन व रॅन्सन यांनी उंदरांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या मध्यभागी इजा केली, तर उंदीर बेसुमार लठ्ठ झाले. १९५१ मध्ये येल विद्यापीठात बाळकृष्ण आनंद व जॉन ब्रोबेक यांनी त्याच भागाच्या कडेला इजा केली, तर उंदरांनी खाणेच सोडले. आनंद पुढे दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये शरीरक्रियाविज्ञान विभागाचे प्रमुख झाले. ‘भूक केंद्र’ आणि ‘तृप्ती केंद्र’ ही पाठ्यपुस्तकांतली जोडी या प्रयोगांतून आली. ती लक्षात ठेवायला सोपी आहे, पण आता अपुरी ठरली आहे. हायपोथॅलॅमसमध्ये भूक चेतवणाऱ्या आणि शमवणाऱ्या चेतापेशी शेजारीशेजारी असतात आणि रक्तातून येणाऱ्या निरोपांवर त्यांचा तोल ठरतो.

हे निरोप दोन प्रकारचे असतात. पहिले त्या-त्या जेवणापुरते. जठरातून स्रवणारे घ्रेलिन हे संप्रेरक (रक्तातून निरोप नेणारे रसायन) जेवणापूर्वी वाढते आणि जेवल्यावर उतरते. १९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा व कांगावा यांनी ते शोधले. ठरलेल्या वेळी जेवणाऱ्याचे घ्रेलिन त्या वेळेच्या आधीच चढू लागते, घड्याळ पाहून भूक लागते ती काही नुसती समजूत नव्हे. अन्न आतड्यात उतरले की कोलेसिस्टोकायनिन, जीएलपी-१ यांसारखी संप्रेरके ‘आता पुरे’ असे कळवतात, आणि ताणलेल्या जठराची वार्ता व्हेगस मज्जातंतू मेंदूकडे नेतो. (ढेकर मात्र नुसती हवा. तिला तृप्तीची पावती मानण्याला शास्त्राचा आधार नाही.) तृप्ती चवीगणिक वेगळीही असते. मसालेभाताला हात आडवा करणारा पाहुणा जिलबीला नाही म्हणत नाही, कारण एका चवीचा कंटाळा दुसरीला लागू होत नाही. उंदरांना प्रत्येक जेवणाआधी कोलेसिस्टोकायनिन टोचले तर ते दर खेपेला कमी खातात, पण जेवणांची संख्या वाढवून भरपाई करतात. एका ताटावरचा निरोप वजन ठरवत नाही, हे इथे उघड होते.

दुसरा निरोप थेट मेदाकडून येतो. अमेरिकेच्या मेन राज्यातील जॅक्सन प्रयोगशाळेत अतिलठ्ठ उंदरांच्या दोन आनुवंशिक जाती आढळल्या होत्या, ‘ओबी’ व ‘डीबी’. डग्लस कोलमन यांनी दोन-दोन उंदीर शस्त्रक्रियेने असे जोडले की त्यांचे रक्त एकमेकांत मिसळेल. डीबीला जोडलेला निरोगी उंदीर खाणे सोडून उपासमारीने मेला. ओबी उंदीर निरोगी उंदराला जोडला, तर त्याचे खाणे कमी झाले. आणि डीबीला जोडला, तर तोही उपाशी मेला. कोलमन यांचा निष्कर्ष : रक्तात तृप्तीचा एक घटक फिरतो, ओबीला तो बनवता येत नाही, डीबी तो भरपूर बनवतो पण त्याला तो ओळखता येत नाही. तो घटक हाती यायला पुढे दोन दशके लागली. १९९४ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला ओबी जनुक सापडले आणि त्यापासून बनणाऱ्या संप्रेरकाला ‘लेप्टिन’ हे नाव मिळाले, ग्रीक ‘लेप्टोस’ म्हणजे सडपातळ यावरून. लेप्टिन मेदपेशी स्रवतात; मेद जितका जास्त, तितके ते अधिक.

१९९७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी जन्मतःच लेप्टिन नसलेल्या दोन चुलत भावंडांची नोंद केली. त्यांतील आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो होते. अशा मुलांना लेप्टिन टोचले की अनावर भूक आटोक्यात येते. साहजिकच लठ्ठपणावर इलाज सापडला असे वाटले, आणि ती आशा फोल ठरली. बहुतेक लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असते, वरून दिलेल्याचा फारसा उपयोग होत नाही. लेप्टिनचे खरे काम लठ्ठपणाला लगाम घालण्याचे नसून दुष्काळाची सूचना देण्याचे असावे, असे मानण्यास यामुळे जागा आहे.

उपासमारीत शरीर काय करते हे मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी पाहिले. युद्धात लढण्यास नकार दिलेल्या ३६ तरुणांना २४ आठवडे निम्म्याच्या आसपास आहार देण्यात आला. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांश घटले. नाडी मंदावली, सतत थंडी वाजू लागली, पाककृतींची पुस्तके वाचण्याचा नाद लागला. नंतर मोकळीक मिळाल्यावर ते अफाट खात सुटले आणि मेद पूर्वीपेक्षाही वाढला. वजन घटवणाऱ्याचा ऊर्जेचा खर्चही शरीर कमी करते आणि भूक वाढवते. ‘मनावर ताबा नाही’ असा शेरा मारणाऱ्यांना हे ठाऊक नसते.

जीएलपी-१ रक्तात दोन-तीन मिनिटेच टिकते. त्याच्यासारखे पण आठवडाभर टिकणारे सेमाग्लुटाइड हे औषध २०२१ मध्ये अमेरिकेत लठ्ठपणासाठी मान्य झाले. मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरले, आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातले दोन-तृतीयांश परत आले.

लेप्टिन मेदाची खबर देते, वजनाची नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामामुळे हा भेद भारतीयांच्या बाबतीत ठळक झाला. त्यांनी व लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे एकत्र छायाचित्र छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) २२.३ होता, पण युडकिन यांच्या अंगात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांचे वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो; तरी पुण्याच्या बाळांच्या पाठीवरचा मेद त्या प्रमाणात कमी नव्हता. कमी दिसत होते ते स्नायू. भारतात या इंडेक्सवर अतिवजनाची रेषा २५ ऐवजी २३ वर आणि लठ्ठपणाची ३० ऐवजी २५ वर धरली जाते, ती या शरीररचनेमुळे.