काखेतील लसिका ग्रंथींची शस्त्रक्रिया

स्तनाचा कर्करोग काखेपर्यंत पोहोचला आहे का हे पाहण्यासाठी, आणि पोहोचला असल्यास तेथील गाठी काढण्यासाठी केली जाणारी शस्त्रक्रिया. स्तनातील बहुतेक लसिका (शरीरात वाहणारा पाण्यासारखा द्रव) काखेतील ग्रंथींकडे वाहते, त्यामुळे पसरणारा रोग बहुधा आधी तिथे सापडतो. हाताला जखम झाल्यावर काखेत येणारे अवधाण दुखते आणि जखम भरली की बसते. कर्करोगाची गाठ सहसा दुखत नाही, म्हणूनच घरात तिची कोणी दखल घेत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉल्स्टेड या अमेरिकी शल्यविशारदाने स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकत्र काढण्याची पद्धत रूढ केली. पुढे स्नायू राखले गेले, काख मात्र साफ होत राहिली, म्हणजे तिथल्या ग्रंथी सरसकट काढल्या जात राहिल्या. त्याची किंमत हात मोजतो : सुमारे पाचांतील एका स्त्रीचा हात कायमचा सुजतो (लिम्फेडीमा), दंडाची आतली बाजू बधिर होते.

१९९० च्या दशकात ‘सेंटिनेल नोड बायोप्सी’ आली. निळा रंग किंवा किरणोत्सारी टेक्नेशियम स्तनात टोचतात. तो ज्या ग्रंथींत प्रथम पोहोचतो त्या दोन-चारच काढून तपासतात. त्या निर्मळ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावत नाहीत. गाठ लहान, स्तन राखलेला आणि पुढे किरणोपचार ठरलेले असतील, तर एक-दोन ग्रंथी बाधित असूनही काख साफ न करणे सुरक्षित ठरते, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीने दाखवले. काखेत हाताला लागणाऱ्या, रोग पसरलेल्या गाठी असतील तर मात्र पूर्ण सफाईचा विचार आजही करावा लागतो.

टेक्नेशियमची शक्ती दर सहा तासांनी निम्मी होते आणि ते टिपायला गॅमा प्रोब लागतो. कोकणातल्या प्रत्येक शस्त्रक्रियागृहात ही सोय असणे शक्य नाही. मिथिलीन ब्ल्यू हा निळा रंग त्या मानाने स्वस्त आहे. परळच्या टाटा रुग्णालयाने अभ्यासलेली ‘लो ॲक्सिलरी सॅम्पलिंग’ ही पद्धत तर रंगाविनाही चालते : काखेच्या खालच्या भागातील चरबी ग्रंथींसकट काढून तपासतात. सिंधुदुर्गातल्या रुग्णाला गोव्यातील बांबोळीचे सरकारी रुग्णालय जवळ पडते, उत्तरेकडच्यांना मुंबई.

वलणीवर कपडे वाळत घालता येतील इतका हात वर जावा, यासाठी व्यायाम लवकर सुरू करतात. काख साफ केलेल्या बाजूच्या हाताला लावणीच्या चिखलातली चीर, माशाचा काटा, काजूच्या टरफलातल्या तेलाने भाजलेली कातडी यांतून जंतुसंसर्ग होऊ शकतो. हात लाल, गरम झाला तर लावणी संपायची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा लागतो.