चर्चच्या पैशावर महाविद्यालयीन फुटबॉल?

अमेरिकेतील ख्रिस्ती महाविद्यालयांचे फुटबॉल संघ (अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) चर्चच्या पैशावर, धर्मप्रसारासाठी चालतात, असा समज बरीच वर्षे फिरत आहे. सामन्यापूर्वीची प्रार्थना पाहून तो पटतोही, आणि प्रसाराचा हेतू काही संस्था उघडपणे मांडतात. परंतु हेतू वेगळा, पैसा वेगळा. मोठ्या संघांचा खर्च प्रामुख्याने प्रक्षेपणहक्क, तिकिटे आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून भागतो. लहान महाविद्यालयांत खेळाडू हाच शुल्क भरणारा विद्यार्थी असतो, त्यामुळे त्याचे शुल्क खर्चाला हातभार लावते. चर्चचे अनुदान असलेच, तर ते सहसा संपूर्ण संस्थेला असते. १९९४ च्या कायद्यानुसार, सरकारी विद्यार्थी-साहाय्य घेणाऱ्या सहशिक्षण महाविद्यालयांना खेळांचा जमाखर्च दरवर्षी जाहीर करावा लागतो. त्यात प्रत्येक स्रोत दिसत नाही, म्हणून संस्थेचा लेखापरीक्षित वार्षिक हिशेबही उपलब्ध असल्यास सोबत पाहावा.