तीन बाय सहा फूट: सामूहिक क्विअर कलाकृतींमागचा इतिहास

क्विअर (समलैंगिक, ट्रान्स इत्यादी) लोकांच्या इतिहासावर अनेकांनी मिळून कलाकृती करायची ठरली की पहिला प्रश्न येतो तो मापाचा. त्याचं उत्तर चाळीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोत सापडलं, ‘एड्स मेमोरियल क्विल्ट’ या एड्सने गेलेल्यांच्या स्मृतिगोधडीच्या रूपाने.

नोव्हेंबर १९८५. १९७८ मध्ये हत्या झालेले समलैंगिक नगरप्रतिनिधी हार्वे मिल्क आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांच्या स्मरणार्थ दरवर्षी निघणाऱ्या मेणबत्ती मोर्चाच्या तयारीत असताना कार्यकर्ते क्लीव्ह जोन्स यांना कळलं, की शहरात एड्सने दगावलेल्यांचा आकडा हजारापलीकडे गेलाय. त्यांनी मोर्चेकऱ्यांना गेलेल्या आप्तमित्रांची नावं पुठ्ठ्यांवर लिहायला सांगितली. मोर्चा संपल्यावर शिड्या लावून ते पुठ्ठे फेडरल बिल्डिंग या सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवले गेले. ती भिंत जोन्स यांना ठिगळांच्या गोधडीसारखी दिसली. १९८७ मध्ये त्यांनी आपला मित्र मार्विन फेल्डमन याच्या नावाने गोधडीचं पहिलं पॅनेल, म्हणजे कापडी तुकडा, केलं.

पॅनेलचं माप ठरलं ३ फूट बाय ६ फूट, साधारण एका थडग्याएवढं. अनेकांना अंत्यविधीसुद्धा नीट मिळाला नव्हता, म्हणून या मापाला अर्थ होता. आणि त्याचा हिशोबही चोख बसतो: अशी आठ पॅनेलं एकत्र शिवली की बरोबर १२ बाय १२ फुटांचा चौकोन होतो. चौकट पक्की आणि आत पूर्ण मोकळीक. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांचं काम त्यामुळेच एकत्र जोडता आलं. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मोकळ्या मैदानावर १,९२० पॅनेलं अंथरली गेली आणि नावं मोठ्याने वाचली गेली. आज पॅनेलं सुमारे ५०,००० आहेत आणि एकूण वजन ५४ टन. अख्खी गोधडी एकत्र अंथरली गेली ती शेवटची १९९६ मध्ये.

शिवणाऱ्यांसाठी तयार झालेल्या सूचना आजही जशाच्या तशा उपयोगी पडतात. कापड न ताणणारं, मध्यम जाडीचं घ्यायचं: डक (जाडसर सुती कापड) किंवा पॉपलिन. दुमडीसाठी चारही बाजूंना २ ते ३ इंच जास्त सोडायचं. अक्षरं चिकटवायची नाहीत, शिवायची. गोधडी सारखी घडी होते आणि उलगडते, त्यात डिंक सुटतो. फुगीर रंग एकमेकांना चिकटतात, म्हणून तेही टाळायचे. फोटो थेट न लावता इस्त्रीने सुती कापडावर उतरवायचा आणि तो तुकडा शिवायचा. खाली अस्तर हवं, कारण पॅनेल जमिनीवर अंथरलं जातं. आमच्या मते सगळ्यात जास्त घोळ मापातच होतो. कापड आधी धुऊन आटवलं नाही किंवा पुठ्ठ्याचा साचा सगळ्यांना दिला नाही, तर एका रांगेतल्या चार पॅनेलांत प्रत्येकी अर्धा इंच फरक पडला तरी दोन इंचांचा झोळ येतो.

रंगांच्या बाबतीत असाच धडा आधीच मिळाला होता. कलाकार गिल्बर्ट बेकर आणि स्वयंसेवकांनी जून १९७८ मध्ये हाताने कापड रंगवून केलेल्या क्विअर चळवळीच्या इंद्रधनुषी झेंड्यात आठ पट्टे होते. मागणी वाढली तेव्हा भडक गुलाबी कापड पुरेसं मिळेना, तो पट्टा गेला. १९७९ मध्ये नीलहरितही गेला आणि सहा उरले. अनेक हातांनी पुन्हापुन्हा करायचं असेल तर सहज मिळणारंच कापड निवडायला हवं.

नावांचा प्रश्न मात्र मापाने सुटत नाही. कित्येक पॅनेलांवर फक्त पहिलं नाव आहे, कारण घरच्यांपासून ओळख लपवणं भाग होतं. म्हणून नव्या कलाकृतीत प्रत्येक नावासाठी लेखी विचारणा हवी: पूर्ण नाव, पहिलं नाव, की काहीच नको? आणि नंतर काढून घ्यायचं ठरलं तर तो तुकडा बाकीचं न उसवता वेगळा करता येईल अशी शिवण हवी.

पॅनेलासोबत त्या माणसाविषयी पत्र पाठवायची पद्धतही या गोधडीचीच. ती पत्रं आता लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आहेत. पत्रावर पॅनेलचा क्रमांक त्याच दिवशी टाकावा आणि तोच क्रमांक अस्तराच्या कोपऱ्यात दोऱ्याने काढावा. शाई धुण्यात जाते.