गोव्यात कॉलेजात जाणारे वाढले, पदवीपर्यंत पोचणारे किती?

डिसेंबर 1961मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा इथे बी.ए., बी.एस्सी. शिकवणारे एकही कॉलेज नव्हते. पणजीत 1842पासूनचे वैद्यकीय विद्यालय होते आणि पोर्तुगीज माध्यमाचे लिसेव (माध्यमिक विद्यालय). मराठी घरातला मुलगा मुंबईची मॅट्रिक करून बेळगाव, धारवाड, पुणे किंवा मुंबई गाठायचा. तोही घरची बागायत असेल किंवा मुंबईत कोणी काका-मामा असेल तरच. 1955मध्ये भारताने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केल्यानंतर रेल्वेचा रस्ताही बंद पडला. मुलींना बाहेर शिकायला पाठवायचा विषय बहुतेक घरांत निघतच नसे.

1962मध्ये पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले ही कॉलेजे उघडली. दोन्ही खाणमालक घराण्यांची, हे गोव्याच्या अर्थकारणाला धरूनच झाले. पाठोपाठ म्हापशाला सेंट झेवियर आणि नुवेला मुलींसाठी कार्मेल आले. ही सगळी कॉलेजे मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती, त्यामुळे जुन्या पिढीच्या दिवाणखान्यात टांगलेल्या पदव्यांवर शिक्का मुंबईचा दिसतो. गोवा विद्यापीठाचा कायदा 1984चा, कारभार सुरू झाला 1985मध्ये.

खरे काम मात्र खालच्या पायरीवर झाले होते. भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात (1963 ते 1973) गावोगाव शाळा उघडल्या आणि त्यातली मुले सत्तरच्या दशकात कॉलेजच्या दारात आली. पण पेडणे, सत्तरी, काणकोणच्या मुलांना पणजी-मडगाव लांबच. 1980मध्ये सरकारी बससेवेचे कदंब महामंडळ आले, पुढे साखळी, केपे, पेडण्याला सरकारी कॉलेजे झाली. माझ्या मते गोव्याच्या पटसंख्येला सर्वात मोठा हातभार लावला तो सकाळच्या बसने आणि तालुक्यातल्या कॉलेजने. मुलगी संध्याकाळी घरी परतू शकते म्हटल्यावर आईबापांचा विरोध मावळला. आज उच्च शिक्षणातल्या प्रमाणात गोव्याच्या मुली मुलांच्या पुढे आहेत.

मुलगे मागे पडले ते बुद्धीने नव्हे. बारावीनंतर आयटीआय, वेर्ण्याचे कारखाने, हॉटेले, आखात, बोटीवरची नोकरी. 2020पर्यंत तर पोर्तुगीज पासपोर्ट काढता आला की थेट इंग्लंड. खाणी जोरात होत्या तेव्हा डिचोली-सांगे पट्ट्यात ट्रकवर बसलेल्या पोराला पदवीधर भावापेक्षा चार पैसे जास्त सुटत. असा मुलगा फर्स्ट इयरला नाव घालतो, दोन-तीन केटी (राहिलेले विषय) लागतात, आणि बोटीचा कॉल आला की कॉलेज सुटते.

आकडे मात्र जपून वाचावेत. 2021-22च्या उच्च शिक्षणाच्या केंद्रीय सर्वेक्षणात देशाचे प्रवेशाचे ढोबळ प्रमाण (18 ते 23 वयोगटाच्या लोकसंख्येशी दाखल विद्यार्थ्यांचे प्रमाण) 28.4 टक्के होते आणि गोवा त्याच्या वर. पण ही मोजणी संस्था जिथे आहे तिथे होते. म्हणजे बिट्स, एनआयटी, आयआयटीत शिकणारा परप्रांतीय गोव्याच्या खात्यात पडतो आणि पुण्यात शिकणारा फोंड्याचा मुलगा महाराष्ट्राच्या. शिवाय हे सर्वेक्षण त्या वर्षी किती दाखल झाले आणि किती उत्तीर्ण झाले तेवढेच सांगते. एकाच तुकडीचा पाठलाग ते करत नाही, त्यामुळे शंभरातले किती तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडले हे त्यातून थेट निघत नाही.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (2020) एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडायची मुभा दिली आहे. फर्स्ट इयर आटोपून बोटीवर गेलेला तो मुलगा यापुढे गळतीत मोजायचा की उत्तीर्णांत, हे आधी ठरवावे लागेल.