तंबोरा म्हणजे खरखर नव्हे

जुन्या नाशकातला एखादा वाडा पाडायला निघाला की माळ्यावरून पितळी भांडी, पंचांगं आणि गाण्यांच्या जुन्या तबकड्या एकदमच खाली येतात. भांड्यांची वाटणी पटकन होते. तबकड्यांवर मात्र घरात खल होतो. टाकायच्या, की संगणकावर उतरवून घ्यायच्या?

उतरवायचं ठरलं तर आधी तबकडी कशाची आहे ते बघा. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जड, ठिसूळ तबकड्या बहुतेक लाखेच्या असतात, ३३⅓ फेऱ्यांच्या एलपी (लाँग-प्ले) विनाइल नावाच्या प्लास्टिकच्या. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एलपीवर चालणारं अल्कोहोलचं द्रावण लाखेवर फिरवलंत तर बुरशीबरोबर गाणंही पुसलं जाईल. आणि नाशिकचे पावसाळे माळ्यावर काढलेल्या तबकडीवर बुरशी असतेच म्हणा! डिस्टिल्ड वॉटर, थेंबभर लिक्विड सोप आणि मऊ ब्रश, एवढं दोन्हींना पुरतं. लेबल तेवढं कोरडं ठेवा. सुयाही वेगळ्या लागतात: एलपीची बारीक सुई ७८च्या रुंद खाचेत तळाला टेकते आणि तिथला कचराच वाजवते.

एलपीची एक बाजू म्हणजे बाहेरून आत वळत गेलेली एकच खाच. वीस मिनिटांची बाजू उलगडली तर ती चारशे मीटरच्या आसपास भरेल. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते. लेबलजवळ घेर लहान, त्यामुळे जेमतेम २०. म्हणजे १०,००० हर्ट्‌झच्या आवाजाची एक लाट बाहेर ५० मायक्रॉन लांब, तर आत २० मायक्रॉनच. सुईला ती वळणं नीट घेता येत नाहीत आणि आवाज फाटतो. ख्यालाच्या रेकॉर्डमध्ये द्रुत बंदिश, ताना हे सगळं नेमकं तिथेच येतं! संगणक यात फारसं काही करू शकत नाही. चांगली, न झिजलेली सुई हाच उपाय.

खाच कापतानाच खर्जाचा आवाज मुद्दाम कमी केलेला असतो, नाहीतर खाच फार रुंद होऊन वेळ कमी मावला असता. वरच्या पट्टीतला आवाज वाढवलेला असतो. वाजवताना फोनो प्रीअँप, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारं उपकरण, याच्या उलट करतो. १९५४ पासून त्याचं प्रमाण ठरलेलं आहे. प्रीअँप मध्ये नसेल तर पखवाजही डबा वाजवल्यासारखा ऐकू येतो. टर्नटेबलची (तबकडी फिरवणाऱ्या यंत्राची) अर्थिंगची बारीक वायर प्रीअँपला जोडायला विसरू नका, नाहीतर घरच्या विजेची ५० हर्ट्‌झची घरघर गाण्यात कायमची बसते.

पुढचं काम आकड्यांचं. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची पातळी मोजली की माणसाच्या कानाला ऐकू येणारं सगळं त्यात येतं. प्रत्येक मोजमाप १६ बिटमध्ये लिहिलं तर सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मावतो. एलपीचा स्वतःचा ६०-७०च असतो. तरी रेकॉर्डिंग २४ बिटवर करा. त्यात गाणं जास्त येत नाही, पण पातळी निर्धास्तपणे खाली ठेवता येते. आवाजाचा शेंडा एकदा छाटला गेला की तो परत मिळत नाही.

आता खरखर काढायचा मोह. पडद्यावर लाट मोठी करून पाहा: ओरखड्याची टिकटिक म्हणजे मिलिसेकंदभराचा एक उभा काटा, चाळीसेक मोजमापांचा. सॉफ्टवेअर तो कापतं आणि दोन्ही बाजूंच्या लाटेवरून मधली जागा भरतं. काम सफाईदार होतं, पण तबल्याच्या चाटीवरचा ‘ना’सुद्धा असाच अचानक उठतो. जोर वाढवलात की ओरखड्यांबरोबर तोही बोथट होतो.

सततची खसखस काढताना गोष्ट आणखी नाजूक. तिथे नमुना द्यावा लागतो, हा आवाज नको असं सांगून. नमुन्यात तंबोऱ्याची सुरुवात आली तर प्रोग्राम तंबोऱ्यालाच कचरा समजतो. दोन्ही आवाज अखंड चालणारे, त्याला फरक काय कळणार? मग गाण्यातला आस, म्हणजे तारांचा रेंगाळणारा नाद, नाहीसा होतो आणि गायकाच्या आवाजाच्या कडा विचित्र किणकिणतात. नमुना पहिल्या स्वराआधीच्या कोऱ्या खाचेतूनच घ्या, आणि थोडी खसखस राहू द्या. माझ्या मते ती अजिबात त्रास देत नाही. मेलेला तंबोरा देतो.

काहीही कापण्याआधीची मूळ फाइल फ्लॅक (FLAC) या फाइल-प्रकारात वेगळी ठेवा. फ्लॅकमध्ये आकार बराच कमी होतो, आवाजातलं काही जात नाही. लेबलवरचा क्रमांक आणि लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (तबकडीच्या साच्याचा क्रमांक), दोन्ही फाइलच्या नावात घाला.